गूगलला नीट विचारायचं कसं : वावर (शेत), बाजार आणि कचेरीच्या कामांसाठी

‘पऱ्हाटी लाल पडली काय करू’ असं गूगलमध्ये टाकून पाहा. टॉनिक विकणाऱ्यांचे व्हिडिओ येतील, एखाद्या बातमीच्या साइटवरचा चार ओळींचा मजकूर येईल, आणि कामाचं काही असलंच तर ते बरंच खाली दडलेलं असेल. आता तोच प्रश्न ‘कपाशी लाल्या विकृती व्यवस्थापन’ असा टाका. वावर तेच, पान तेच, पण उत्तर देणारे बदलतात. कृषी विद्यापीठाचे, कृषी विज्ञान केंद्रांचे, शेतीच्या दैनिकांतले लेख वर सरकतात. ‘लाल्या विकृती’ असं लिहिणारा माणूस बहुधा त्या विषयातला असतो, एवढंच त्यामागचं गणित.

पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे. आपल्याला उत्तर कोणाकडून हवंय ते आधी ठरवायचं, आणि तो माणूस लिहिताना जे शब्द वापरेल ते टाइप करायचे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक सातबारा, पीक विमा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतात आणि काम होईस्तोवर मोबाइल पुढे करतात, ‘भाऊ, हे पाहा बरं, खरं हाय का?’ दहापैकी आठ वेळा गडबड गूगलची नसते, विचारण्याची असते. ती कशी टाळायची ते इथे एकेक करून सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

आपण सर्च केल्यावर गूगल त्या क्षणी जगभर हिंडत नाही. त्याने पानं आधीच वाचून, कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत याची सूची करून ठेवलेली असते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली कंपनी काढली, तेव्हा त्यांची खुबी ही होती की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान वर आणायचं. आज वर-खाली ठरवायला आणखी पुष्कळ गोष्टी धरतात. तुम्ही कुठे आहात, पान किती ताजं आहे, मोबाइलवर नीट उघडतं का, वगैरे. गूगल हल्ली अर्थही बऱ्यापैकी ओळखतं. पण इंग्रजीचा अर्थ त्याला जितका कळतो तितका मराठीचा कळत नाही, आणि वऱ्हाडीच्या बाबतीत तर त्याच्या भरवशावर राहूच नका.

दुसरं म्हणजे सगळ्यात वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेले निकाल हे पैसे भरून वर आलेले असतात. बियाणं, औषध, कर्ज, मोबाइल दुरुस्ती, काहीही शोधताना ते सरळ ओलांडून खाली जा.

पहिली पायरी : शब्द बदला

आपण बोलतो एक, पुस्तकात लिहिलेलं असतं दुसरं. पऱ्हाटीला कृषी खातं कपाशी किंवा कापूस म्हणतं. डवरणीला कोळपणी किंवा आंतरमशागत. निंदणाचा प्रश्न ‘तण व्यवस्थापन’ या नावाखाली मिळतो. तूर उभ्या उभ्या वाळत असेल तर ‘तूर मर रोग’. संत्र्याच्या खोडातून चिक येत असेल तर ‘संत्रा डिंक्या’, आणि त्याच्या पुढे ‘फायटोप्थोरा’ टाकलं तर आणखी नेमकं. आंबिया बहाराची फळं गळत असतील तर ‘संत्रा आंबिया बहार फळगळ’. कोणत्याही किडीच्या नावापुढे ‘व्यवस्थापन’, ‘प्रादुर्भाव’ किंवा ‘शिफारस’ यांपैकी एक शब्द जोडला की दुकानदारीचा मजकूर मागे पडतो आणि शास्त्रज्ञांचा पुढे येतो. ‘रामबाण’, ‘जबरदस्त’, ‘एकच फवारा’ असे शब्द टाकले तर उलट होईल, हे सांगायला नको.

लाल्याचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण खरी गंमत दुसऱ्या सर्चमध्ये आहे. पहिल्या सर्चमधून कळतं की पान लाल व्हायची कारणं अनेक आहेत: मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडणं, तुडतुडे (रस शोषणारी बारीक कीड), रात्रीची थंडी, पाण्याचा ताण किंवा उलट पाणी साचणं. एवढं वाचून दुकानात पळायचं नाही. आधी वावरात जाऊन पान हातात घ्यायचं. शिरा हिरव्या आणि मधला भाग लालसर असेल तर संशय मॅग्नेशियमवर जातो. कडा आधी पिवळ्या, मग लाल झाल्या असतील आणि पान खाली मुडपलं असेल तर ते उलटं करून तुडतुडे शोधायचे. मग त्याप्रमाणे दुसरा सर्च, ‘कपाशी मॅग्नेशियम कमतरता लक्षणे’ किंवा ‘कपाशी तुडतुडे आर्थिक नुकसान पातळी’. पहिला सर्च शब्द शोधायला, दुसरा उत्तर शोधायला. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात.

कचेरीच्या कामालाही हेच लागू. ‘पैसे कोणाला मिळतील’ असं विचारू नका, ‘पात्रता’ किंवा ‘निकष’ टाका. तारीख वाढली का ते पाहायला ‘मुदतवाढ’. आधीच्या आदेशातली चूक दुरुस्त झाली का ते पाहायला ‘शुद्धिपत्रक’. बाप वारल्यावर जमीन नावावर करायला ‘वारस नोंद फेरफार’.

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वावरात जायच्या रस्त्याचा. ‘शेतात जायला रस्ता नाही’ असं टाकलं की नेत्यांच्या घोषणा आणि भांडणांच्या बातम्या येतात. खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पूर्वीपासूनचा रस्ता शेजाऱ्याने अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागतं, आणि तिथे अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. दोन्ही प्रकरणं तहसीलदाराकडेच चालतात, पण कागद वेगळे लागतात. ‘शेतरस्ता कलम १४३ अर्ज नमुना’ असं टाकलं की अर्जाचा मसुदा हाती लागतो. कायद्याच्या कोणत्याही कामात कलमाचा आकडा मिळाला की निम्मं काम झालं म्हणा. तो आकडा पहिल्या सर्चमध्ये, अगदी बातमीतही सापडतो. तेवढाच उचलायचा आणि बातमी सोडून द्यायची.

नावच ठाऊक नसेल, किडीचं किंवा रोगाचं, तर गूगल लेन्सने फोटो काढून पाहा. पान हातात धरून, सावलीत, जवळून, पाठची आणि पोटाची बाजू वेगळी काढा. लेन्स सारखी दिसणारी चित्रं दाखवतं, रोगाचं निदान करत नाही. सोयाबीनची पानं पिवळ्या मोझॅक रोगानेही पिवळी पडतात आणि पाणी साचून लोह मिळालं नाही तरीही पडतात, फोटोत दोन्ही सारखीच. तेव्हा लेन्सकडून फक्त नाव घ्या, आणि त्या नावाने वर सांगितल्यासारखा सर्च करा. कृषी सहायकाला फोटो पाठवून नुसतं ‘याला म्हणतात काय?’ एवढं विचारलं तरी पुढचं आपलं आपण शोधता येतं.

मराठीतल्या खाचाखोचा

मराठीत एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. बोंडअळी आणि बोंड अळी, सोयाबीन आणि सोयाबिन, विमा आणि वीमा. गूगल यातलं काही सांभाळून घेतं, काही नाही. निकाल कमी आले तर शब्द तोडून किंवा जोडून पुन्हा टाका. ‘७/१२’ ने जमलं नाही तर ‘सातबारा’.

प्रत्यय शक्यतो काढा. ‘कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठीच्या उपाययोजनांबद्दलची माहिती’ असं लांबलचक वाक्य टाकण्यापेक्षा ‘कापूस गुलाबी बोंडअळी उपाय’ हे जास्त चालतं.

बोलून सर्च करणाऱ्यांसाठी: माइकचं बटण दाबून विचारणं सोपं आहेच, पण आपल्या बोलण्यातला ‘तं’, ‘हाय’, ‘काहून’ त्याला झेपत नाही आणि ते भलतंच काही लिहून ठेवतं. बोलून झालं की पट्टीत काय उमटलंय ते वाचा. दोन-तीन सुटे शब्द बोला, वाक्य नको.

आणि एक मोठी अडचण, जी फारशी कोणी सांगत नाही. मराठीतल्या जुन्या पुस्तिका, जुने आदेश, विद्यापीठांची कृषिदर्शनी (शेतीच्या माहितीचं दरवर्षीचं पुस्तक) यांतलं बरंचसं साहित्य इंटरनेटवर आहे, पण ते एकतर स्कॅन केलेले फोटो आहेत किंवा युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या टायपिंग पद्धतीच्या) आधीच्या, श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या, फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. डोळ्यांना ती मराठी दिसते, मशीनला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. त्यामुळे आतला शब्द टाकून ते कागद सापडण्याची आशा कमी. अशा वेळी पुस्तिकेचं नाव, खात्याचं नाव किंवा वर्ष टाकून शोधा, कारण ते ज्या पानावर ठेवलंय तिथलं शीर्षक बहुतेक वेळा वाचता येण्याजोगं असतं.

मराठीत हाती लागलं नाही तर हिंदीत जा. विदर्भात हिंदी कोणाला परकी नाही, आणि सोयाबीनच्या बाबतीत तर फायदाच आहे, कारण सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदूरला आहे आणि तिचे हंगामातले सल्ले हिंदीत निघतात. मध्य प्रदेशचा शेतकरी आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत तेच पीक घेतो. संत्र्याचंही तसंच, पांढुर्णा-छिंदवाडा भाग अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला लागूनच आहे. इंग्रजी येत असेल तर पिकाचं आणि किडीचं इंग्रजी नाव टाकून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे आणि लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे कागद काढा. पण योजना, दाखले, जमीन यांसाठी मराठीच बरी. शेजारच्या राज्याचा नियम आपल्याला लागू नसतो, आणि हिंदीत सर्च केला की नेमके तेच नियम समोर येतात.

दुसरी पायरी : खुणा

चार खुणा पुरतात. जास्त पाठ करायची गरज नाही.

अवतरण चिन्हं. दोन किंवा जास्त शब्द अवतरणात टाकले की ते तसेच्या तसे, त्याच क्रमाने असलेली पानं येतात. गावाचं नाव, योजनेचं पूर्ण नाव, वाणाचं नाव यांना उत्तम. मराठीत जपून वापरा. अवतरणात ‘शेततळे अनुदान’ लिहिलं तर ‘शेततळ्यासाठी अनुदान’ लिहिलेलं पान सुटू शकतं.

वजाबाकी. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह, शब्दाला चिकटून. ‘संत्रा’ शोधताना रसाच्या पाककृती येत असतील तर वजा रेसिपी. एकाच नावाची गावं ढीगभर असतात, तेव्हा नको त्या जिल्ह्याचं नाव वजा करा.

साइटची खूण. माझ्या मते आपल्यासाठी ही सगळ्यात मोलाची. आधी तुमचे शब्द, मग जागा सोडून इंग्रजी अक्षरांत एस-आय-टी-ई, लगेच कोलन, आणि लगेच पत्त्याचा शेवट. कोलनच्या मागेपुढे जागा सोडायची नाही, नाहीतर खूण चालत नाही. शेवट म्हणून जी-ओ-व्ही डॉट आय-एन दिलं तर फक्त सरकारी पानं येतील. ए-सी डॉट आय-एन दिलं तर विद्यापीठं आणि महाविद्यालयं. फक्त अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शोधायचं असेल तर पी-डी-के-व्ही डॉट ए-सी डॉट आय-एन. यूट्यूबवाले, दुकानवाले, जाहिरातवाले एका झटक्यात बाहेर.

फाइलची खूण. इंग्रजीत एफ-आय-एल-ई-टी-वाय-पी-ई, कोलन, पी-डी-एफ. अर्जाचे नमुने, जुन्या प्रश्नपत्रिका, भरतीच्या जाहिराती, मार्गदर्शक सूचना, हे सगळं पीडीएफमध्येच असतं. तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी ही आणि साइटची खूण एकत्र वापरली तर ‘पीडीएफ डाउनलोड’ म्हणत दहा जाहिराती दाखवणाऱ्या साइटींपासून सुटका होते.

मोबाइलवर हे दरवेळी टाइप करणं कंटाळवाणं आहे, खरं. म्हणून या खुणा एकदा नीट टाइप करून नोट्समध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा आणि लागतील तेव्हा कॉपी करा.

तिसरी पायरी : उघडण्याआधी पत्ता वाचा

निकालाच्या शीर्षकाच्या वर बारीक अक्षरात पत्ता असतो. तो शेवटाकडून वाचायचा. जी-ओ-व्ही डॉट आय-एन हा शेवट फक्त सरकारी खात्यांना मिळतो. नुसतं आय-एन, सी-ओ डॉट आय-एन, ओ-आर-जी किंवा कॉम हे कोणीही पैसे भरून घेऊ शकतो. ठग काय करतात, ‘गव्ह’ किंवा ‘योजना’ हा शब्द पत्त्याच्या मधेच घुसवतात आणि शेवट कॉम ठेवतात. पानावर अशोकस्तंभ, मुख्यमंत्र्यांचा फोटो, सगळं असतं. फोटो कोणीही लावू शकतो.

याचा अर्थ खाजगी साइट सगळ्या खोट्या असा नाही. काही शेतीच्या साइटी सरकारी पानापेक्षा सोपं आणि लवकर सांगतात. माहिती तिथे वाचा, पण आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि अर्ज भरणं फक्त सरकारी पत्त्यावर.

चौथी पायरी : तारीख

एक काका पीक विम्याचा मोबाइलवरचा लेख घेऊन आले. एक रुपयात विमा, शेवटची तारीख अमुक. मी लेखातल्या हंगामाच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘अरे बाप्पा, हे तं मांगचंच हाय!’

लेख खोटा नव्हता, शिळा होता. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. पण मधल्या दोन वर्षांत ‘एक रुपया’वर इतकं लिहिलं गेलं की ती पानं अजून वर तरंगतात. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचा नियमही असाच. त्या हंगामात राज्याने योजनेत कोणती जोखीम धरली आहे त्यावर तो लागू होतो की नाही ते ठरतं. विम्याबाबत त्या-त्या हंगामाचा शासन निर्णय पाहिल्याशिवाय कशावरच विसंबू नका.

हमीभावाचंही तेच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ ला ८,११० झाला. सोयाबीनचा ४,८९२ वरून ५,३२८. नुसतं ‘कापूस हमीभाव’ टाकलं तर यातला कोणताही आकडा समोर येऊ शकतो. म्हणून हंगाम जोडून टाका, ‘कापूस हमीभाव २०२५-२६’.

तारखेने गाळायची सोय गूगलमध्ये आहे. निकालांच्या वरची पट्टी शेवटपर्यंत सरकवली की टूल्स सापडतं, त्यात ‘कधीही’च्या जागी गेला आठवडा, महिना, वर्ष निवडता येतं. किंवा शब्दांनंतर इंग्रजीत ए-एफ-टी-ई-आर, कोलन आणि वर्ष टाका, त्या वर्षानंतरचीच पानं येतील. यूट्यूबवरही फिल्टरमध्ये अपलोडची तारीख निवडता येते. हवामानाच्या व्हिडिओंना तर ती निवडल्याशिवाय हात लावू नका.

तरी एक फसवणूक उरतेच. काही साइटवाले दरवर्षी शीर्षकातलं वर्ष तेवढं बदलतात, आतला मजकूर तोच. त्यामुळे आत कोणत्या हंगामाचा, कोणत्या शासन निर्णयाचा उल्लेख आहे ते पाहा. काहीच उल्लेख नसेल तर पान सोडा.

शासन निर्णय खरा की खोटा

व्हॉट्सअॅपवर आलेला ‘जीआर’ तपासायला अर्धं मिनिट लागतं. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटाकडे एक ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याची सुरुवात तारखेने होते, आधी वर्षाचे चार आकडे, मग महिना, मग दिवस. वर लिहिलेली तारीख एक आणि संकेतांकाची सुरुवात भलतीच असेल तर सावध व्हा. मग राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयाच्या विभागात जाऊन तो संकेतांक टाका. खरा असेल तर कागद निघतो.

कागद लांब असेल तर सगळा वाचत बसू नका. ब्राउजरच्या तीन ठिपक्यांत पानातला शब्द शोधायची सोय असते, तिथे ‘पात्र’ किंवा आपल्या जिल्ह्याचं नाव टाका. स्कॅन केलेला असेल तर मात्र वाचावाच लागेल, त्याला इलाज नाही.

बाजारभाव

‘सोयाबीन सहा हजार पार’ असं शीर्षक दिसलं की माणूस गाडी भरायला निघतो. आत वाचलं तर तो बिजवाईचा (बियाण्यासाठीच्या मालाचा) भाव असतो, नाहीतर मुहूर्ताच्या सौद्यात एका पोत्याला मिळालेला. शीर्षकावर जाऊ नका. ‘सोयाबीन बाजारभाव’ याच्यापुढे बाजार समितीचं नाव टाका, कारंजा, वाशीम, अमरावती, जी जवळ असेल ती. आणि निकालांतून राज्याच्या कृषी पणन मंडळाचा तक्ता उघडा. तिथे जात, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. आपला माल ज्या भावात जाणार तो अंदाज सर्वसाधारण दराच्या रकान्यातून येतो, जास्तीत जास्तच्या नाही. आवक किती होती तेही पाहा. चार-दोन क्विंटलवर निघालेल्या दराला काही अर्थ नसतो. कापसाला हिंगणघाटचा भाव पाहून यवतमाळच्या माणसाने भाडं वजा करायला विसरू नये, पण ते गूगलचं काम नव्हे.

फवारणीचं प्रमाण : इथे घाई नको

हल्ली सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर येतं. चार पानांतला मजकूर एकत्र करून ते सुबक परिच्छेद देतं. एखाद्या योजनेची तोंडओळख करून घ्यायला ठीक. औषधाच्या मात्रेसाठी मुळीच नाही. एका पानावर मात्रा १० लिटर पाण्याची असते, दुसऱ्यावर एका लिटरची, तिसऱ्यावर हेक्टरची आणि चौथ्यावर एकराची. एका हेक्टरमध्ये जवळपास अडीच एकर असतात, म्हणजे एकक चुकलं तर मात्रा अडीच पट. शिवाय ते प्रमाण साध्या पाठीवरच्या पंपासाठी आहे की पॉवर स्प्रेसाठी, हेही वेगळं. एकत्र केलेल्या उत्तरात ही एककं सहज गळून पडतात.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते इथल्या कोणी विसरलेलं नाही. तेव्हा नियम एकच ठेवा. मात्रा शोधायची ती साइटच्या खुणेने, विद्यापीठाच्या किंवा सरकारी कागदात. मग ती डब्यावरच्या लेबलाशी ताडून पाहायची. फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने कोणतं औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी मंजूर केलंय याच्या याद्या पीडीएफमध्ये आहेत. औषधातल्या घटकाचं इंग्रजी नाव आणि पिकाचं नाव टाकून फाइलच्या खुणेने शोधल्या की मिळतात. दोन औषधं मिसळायची का, हा प्रश्न गूगलला विचारूच नका. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

विषबाधा झाली, साप चावला, तर सर्च नाही, १०८. डबा सोबत न्या.

फोन नंबर गूगलवरून घेऊ नका

बँकेचा, गॅसचा, कुरिअरचा ‘कस्टमर केअर नंबर’ सर्च करणं हा ठगांचा आवडता दरवाजा आहे. ते आपले नंबर वेगवेगळ्या पानांवर, नकाशातल्या नोंदींत, जाहिरातींत पेरून ठेवतात. माणूस अडचणीत असतो, घाईत असतो, पहिला नंबर लावतो. पलीकडून ‘सर, एक अॅप टाका, मी मदत करतो’ म्हणतात आणि स्क्रीनच ताब्यात घेतात.

बँकेचा नंबर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, गॅसचा पुस्तकावर. ते नसेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘संपर्क’ पानात जा, आणि तिथेही आधी पत्ता शेवटाकडून वाचा. पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१, पीक विम्याची १४४४७. व्हॉट्सअॅपवर आलेली ‘पीएम किसान’ची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून येणारं अॅप) कधीच टाकू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. जितक्या लवकर फोन, तितकी ते वाटेत अडकवण्याची शक्यता जास्त.

जे गूगलमध्ये नसतंच

कितीही चांगला सर्च केला तरी आपला गट नंबर टाकून सातबारा निघणार नाही. तो एका विभागाच्या माहितीकोशात असतो, आणि जिल्हा, तालुका, गाव निवडून चित्रातली अक्षरं भरल्याशिवाय तिथलं पान तयारच होत नाही. आणि असा फॉर्म गूगल स्वतः भरत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफाराची स्थिती, विद्यापीठाचा निकाल, कोर्टातल्या तारखा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची स्थिती, हे सगळं याच जातीचं. इथे गूगलचं काम फक्त खऱ्या दारापर्यंत नेण्याचं.

म्हणून ‘गट नंबर १२३ सातबारा’ टाकू नका. ‘महाभूलेख’ टाका, जी-ओ-व्ही डॉट आय-एन ने संपणारा पत्ता उघडा, आपला जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि पुढे जा. तिथला सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त पाहण्यापुरता. बँकेत, कचेरीत द्यायला डिजिटल सहीचा लागतो, तो महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवरून १५ रुपयांत निघतो. सकाळी दहा-अकराला सर्व्हर हमखास अडकतो. पहाटे किंवा रात्री जेवणं झाल्यावर पाहा, सुरळीत चालतो. पान उघडलं की त्याला मोबाइलच्या होम स्क्रीनवर टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सर्च करायचीच गरज नाही.